हळदणकरांची ज्योत, गिरीजची ओटी

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात जलरंगातलं एक चित्र आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि चेहऱ्यावर त्या ज्योतीचाच उजेड. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं आहे असं ठरवून मोकळे होतात. चित्र आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, 1940च्या दशकातलं. समोर उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. लग्नानंतरच्या या गीता उपळेकर 2018 साली, शंभरी ओलांडून, कोल्हापुरात वारल्या.

हे चित्र आजच्या घरात, फोटो वाटावा इतकं खरं, कॉम्प्युटरवर उभं करायचं तर काय काय करावं लागतं ते पाहू. घर वसईतल्या गिरीजचं घेऊ आणि हत्यार ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर, कारण ते फुकट मिळतं आणि बऱ्यापैकी घरगुती कॉम्प्युटरवर चालतं.

आधुनिक करायचं म्हटलं की पहिला हात दिव्याकडे जातो: समई काढा, मोबाइलची टॉर्च द्या. इथेच चित्र मोडतं. टॉर्च वाऱ्याने विझत नाही, मग तिला हात कशाला धरायचा? आडोशाचं कारण गेलं की उरते ती नुसती पोज. म्हणून ज्योत ठेवायची आणि तिच्या भोवतीचं बदलायचं. गिरीजमध्ये हे सोपं आहे. कुपारी ख्रिस्ती घरातली मुलगी संध्याकाळी मेणबत्ती घेऊन ओटीवरून अंगणातल्या क्रूसाकडे निघाली आहे, पश्चिमेकडून समुद्राचा वारा आहे, हात आपोआप आडवा होतो. अंगात कुर्ता, ओटीवर प्लॅस्टिकची खुर्ची, कोपऱ्यात स्कूटी. आजीचं लाल लुगडं दोरीवर वाळत घालता येईल. मुलीला नेसवलं तर काळ पुन्हा मागे जातो. मागे केळीची वाडी, बावखल या वाडीतल्या तळ्याचं काळं पाणी, आणि दूर हिरा डोंगरीवरच्या दत्तमंदिराचा एक ठिपक्याएवढा दिवा. पार्श्वभूमीला एवढं पुरे. तपशिलांचा मोह इथे आवरावा, कारण मेणबत्तीच्या उजेडात त्यातलं फारसं काही दिसणारच नाही.

सुरुवात मापांपासून. ओटी, खांब, मुलगी, मेणबत्ती, सगळं खऱ्या मापात बांधायचं: मीटरमध्ये मीटर, सेंटिमीटरमध्ये सेंटिमीटर. हा शिस्तीचा हट्ट नाही. पुढे उजेड हातातून पार जातो की नाही, हे यावरच ठरणार आहे. कॅमेरा मुलीच्या छातीच्या उंचीवर, थोडा लांब, 70-85 मिलिमीटरच्या लेन्सचा. जवळून रुंद लेन्स लावली तर पुढे आलेला हात चेहऱ्यापेक्षा मोठा दिसू लागतो.

आता ज्योत. ब्लेंडरमधले वॅट विजेच्या बिलातले नव्हेत. दिवा प्रत्यक्षात किती प्रकाश बाहेर टाकतो त्याचे ते आहेत. त्या हिशेबात मेणबत्ती साधारण 0.05 वॅटची, आणि 800 ल्युमेनचा एलईडी बल्ब साधारण 2.1 वॅटचा. म्हणजे ज्योत बल्बाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. नवशिके घाबरून 50 वॅट घालतात आणि ओटीवर लग्नाच्या मांडवाचा झगझगाट होतो. आकडा खराच ठेवावा आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवावं. ज्योतीचा रंग 1900 केल्विनच्या आसपास, चांगलाच नारिंगी. त्यात निळा रंग जवळजवळ मरतो, तेव्हा कुर्ता निळा निवडला तर तो काळपट दिसेल.

उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ज्योतीपासून तळहात 10 सेंटिमीटरवर आणि चेहरा 30वर असेल, तर चेहऱ्याला तळहाताच्या नवव्या हिश्शाएवढाच उजेड मिळतो. ओटीची भिंत ज्योतीपासून मीटरभर दूर असेल तर तिला शंभरावा. हा उतार ब्लेंडर स्वतः मोजतो, मात्र त्याच वेळी चांदणं म्हणून दुसरा दिवा, चेहरा उठावा म्हणून तिसरा दिवा अशी भर घालायची नाही. एका ज्योतीचं चित्र एका ज्योतीवरच उभं राहतं. फार तर आकाशाला सांज सरल्यानंतरचा अगदी मंद निळसरपणा द्यावा, म्हणजे केळीची पानं अंधारात पूर्ण बुडणार नाहीत.

सगळ्यात मजेचं काम हाताचं. मूळ चित्रात बोटांमधून जो लालसर उजेड झिरपतो, त्यावर ते चित्र जगतं. कातडी म्हणजे रंगवलेला पुठ्ठा नव्हे. प्रकाश तिच्या आत शिरतो, इकडेतिकडे आपटतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. लाल प्रकाश आत सर्वांत लांब जातो, हिरवा आणि निळा लवकर शोषले जातात. ब्लेंडरमध्ये याला सबसरफेस म्हणतात, आणि त्याचं मूळ प्रमाणच लाल 1, हिरवा 0.2, निळा 0.1 असं असतं. प्रमाणाला गुणणारी स्केल मात्र आपण ठरवायची, काही मिलिमीटरांत. इथे मापांचा हट्ट कामी येतो: हात दहापट मोठा बांधला असेल तर उजेड बोटातच जिरतो आणि बोटं लाकडी दिसतात, दहापट लहान असेल तर हात मेणाचा होतो. बोटांच्या कडा आणि फटींजवळची पातळ कातडी तांबूस, तळव्याचा जाड भाग गडद, असं दिसलं की जमलं. सध्याचे एआय चित्रकार एका मिनिटात देखणं चित्र देतात, पण त्यांच्या हातांत पुष्कळदा ज्योत एका बाजूला आणि बोटांची लाली भलतीकडेच असते.

सावलीचा हिशेब साधा आहे. हात ज्योतीपासून 10 सेंटिमीटरवर आणि भिंत 100वर असेल तर हाताची सावली दसपट. ज्योतीला बिंदू मानलं तर सावलीची कड सुरीसारखी येते, म्हणून तिला सेंटिमीटरभर जाडी द्यायची. कड मऊ होते.

मग शेवटचं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने चित्र काढून देणं. ज्योत आणि भिंत यांच्या उजेडातला फरक साधा पडदा पेलू शकत नाही, तो दाबावा लागतो. ब्लेंडर 4.0पासून हे काम एजीएक्स नावाची सोय करते. हळदणकरांनी ते डोळ्यांनी केलं. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, त्यामुळे सर्वांत उजळ जागा कुठली हे रंगात कुंचला बुडवण्याआधीच ठरवावं लागतं. एवढ्याशा ज्योतीमुळे रेंडरमध्ये दाणे फार येतात. सॅम्पल, म्हणजे दर ठिपक्यामागे मोजायचे किरण, वाढवावेत, दाणे पुसणारा डिनॉइझर चेहऱ्यावर जपून वापरावा, नाहीतर गाल प्लॅस्टिकचे होतात. झाल्यावर आपलं चित्र आणि मूळ चित्र दोन्ही कृष्णधवल करून शेजारी ठेवावीत आणि डोळे बारीक करून बघावं. उजेडाचे पुंजके त्याच जागी पडले असतील तर कुर्ता आणि स्कूटी कुणाला खटकणार नाहीत.

एक कायद्याची गोष्ट. हळदणकर 1968 साली वारले. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे या चित्राचा 2028 अखेरपर्यंत. घरी शिकण्यासाठी करायला हरकत नाही, पण छापून विकायचा विचार असेल तर परवानगी घ्यावी, किंवा तोवर रविवर्म्याच्या एखाद्या चित्रावर हात बसवावा. ते 1906 सालीच गेले.