अजाण डोळ्यांची जबानी

नाझी संहारावर आजवर किती चित्रपट निघाले याची फेरिस्त ज्यांना दप्तरे चाळण्याची हौस आहे त्यांनी खुशाल तयार करावी; माझ्या या आढाव्याची हद्द त्याहून पुष्कळच आखूड आहे. त्या छावण्यांतून, वा आसऱ्याच्या परक्या घरांतून, जी मुले जिवंत बाहेर पडली आणि ज्यांनी प्रौढपणी आपले बालपण लेखणीने अथवा कॅमेऱ्यासमोर रुजू केले, त्यांच्या स्मृतीचे पडद्यावर काय झाले, एवढेच मला पाहावयाचे आहे. या बाबतीतला माझा पक्षपात जुना आहे आणि तो लपविण्याचे मला कारण दिसत नाही: मुलाला जे ठाऊक नव्हते ते पडद्यालाही ठाऊक असता कामा नये. सूप हंड्याच्या तळाशी दाट असते, म्हणून रांगेत फार पुढे उभे राहू नये, हे छावणीतल्या मुलाला पक्के ठाऊक असते; बर्लिनच्या कोणत्या बैठकीत कोणता ठराव झाला, हे त्याच्या गावीही नसते. दिग्दर्शकाला दोन्ही ठाऊक असते, आणि दुसरे सांगण्याचा मोह त्याला आवरत नाही, म्हणूनच या जातीचे बहुतेक चित्रपट फसतात.

प्रारंभीचा काळ मी झपाट्याने ओलांडतो. जॉर्ज स्टीव्हन्सचा १९५९ चा ॲन फ्रँकवरील चित्रपट प्रामाणिक आहे, परंतु ॲन परत आली नाही. तिची डायरी ही चालू दिवसांची नोंद आहे, मागे वळून केलेले स्मरण नव्हे. पूर्व जर्मनीत फ्रांक बायरने १९६३ साली बुखेनवाल्डमध्ये दडवून ठेवलेल्या बालकाची कथा चित्रित केली, तीत सारे शौर्य बंदिवान कम्युनिस्टांचे असून मूल त्या शौर्याला निमित्तमात्र आहे. क्लोद बेरीचा १९६७ चा ‘म्हातारा आणि मूल’ मात्र थांबून पाहण्याजोगा. बेरीला स्वतःला लहानपणी असाच आसरा मिळाला होता, आणि त्या आठवणीतून त्याने मिशेल सिमोनच्या रूपाने असा एक आजोबा उभा केला की, जो ज्यूंच्या नावाने सदैव बोटे मोडतो आणि आपल्या आश्रयाला आलेले पोर ज्यू आहे याची गंधवार्ताही नसल्यामुळे त्याच्यावर जीव टाकतो. गुपित मुलाजवळ आहे, अज्ञान म्हाताऱ्याजवळ; हा उलटा न्याय बेरीने इतक्या हसतमुखाने चालविला की, बर्लिनच्या महोत्सवात सिमोनला पारितोषिक मिळाले याचे मुळीच आश्चर्य वाटू नये.

आता माझ्या आवडीच्या मुक्कामी येतो. यान नेमेत्सचा ‘रात्रीचे हिरे’ हा १९६४ चा चेक चित्रपट, ज्या काळात वकिलातींकडून आलेल्या रिळांच्या डब्यांवर आमच्या फिल्म सोसायट्या पोसल्या जात, त्या काळात मी पाहिला, आणि तो सभासदांना दाखवावा म्हणून कार्यकारिणीशी जो कज्जा केला त्याची नोंद इतिवृत्ताच्या वहीत अद्याप असेल. कथा आर्नोश्त लुस्तिगची. हा पंधराव्या वर्षी तेरेझीनला गेला, तेथून आउश्वित्झला, तेथून बुखेनवाल्डला. १९४५ च्या वसंतात डाखाऊकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनावर अमेरिकन विमानाने मारा केला, त्या गोंधळात तो निसटला. चित्रपट उघडतो तो दोन मुले चढणीवरून धावत असता. पाठीमागे ओरडा आणि गोळीबार, आणि कॅमेरा त्यांच्या बरोबरीने, दृश्य न तोडता, त्यांच्या धापांसकट धावत राहतो. ती कोण, गाडी कोठे निघाली होती, हे कोणी सांगत नाही. सबंध सदुसष्ट मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीतच. एक मुलगा शेतकऱ्याच्या बायकोजवळ भाकरी मागावयास स्वयंपाकघरात शिरतो आणि मनातल्या मनात तिला पुनःपुन्हा ठार करतो. प्रत्यक्षात ती निमूटपणे पाव कापून देते, आणि तो पाव गिळताना कोरड्या तोंडातून रक्त येते. मध्येच प्रागची ट्राम येते, रिकामे रस्ते येतात, अंगावर चढणाऱ्या मुंग्या येतात. यांतले काय घडले, काय भासले, याचा निवाडा दिग्दर्शक करीत नाही. शेवटी जर्मन म्हाताऱ्यांची बंदूकधारी टोळी त्यांना धरते, बिअर पिते, गाणी म्हणते; मुले मारली गेली की सुटली, दोन्ही दृश्ये आपण पाहतो. आमच्या सभासदांपैकी जे विद्वान होते त्यांनी “मग खरे काय झाले?” असा सवाल केला. भुकेने आणि श्रमाने ज्याचे भान हरपले आहे त्याच्या स्मृतीला हा सवाल विचारणे म्हणजे ज्वराने बडबडणाऱ्याला तारीखवार दाखला मागणे होय, हे माझे उत्तर त्यांना तेव्हा पटले नाही.

याच वाटेने, परंतु अगदी वेगळ्या चालीने गेलेला दुसरा लेखक म्हणजे इम्रे केर्तेस. १९४४ साली, चौदा वर्षांचा असताना, तो बुडापेस्टहून आउश्वित्झला व पुढे बुखेनवाल्डला नेला गेला. त्यावरची त्याची कादंबरी १९७५ साली निघाली आणि २००२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यातील मुलगा कशाचाच धिक्कार करीत नाही. पोलिसाने बसमधून उतरविले, वय सोळा सांग असे कोणी कानात कुजबुजले, मग एकेक पायरी आली आणि तो ती उतरत गेला. प्रत्येक वेळी त्याला ते रीतीला धरूनच वाटते, आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो तो नेमका या समजूतदारपणामुळे. पटकथा केर्तेसने परक्या हाती सोपविली नाही, स्वतः लिहिली. आणि इश्त्वान साबोच्या ‘मेफिस्टो’चा छायालेखक लाजोश कोल्ताई याने आपले पहिलेच दिग्दर्शन म्हणून ती २००५ साली पडद्यावर आणली. रंग हळूहळू ओसरत जातात. प्रसंग तुटक, अंधारात विरणारे. हजेरीला तासन्‌तास उभे असलेले कैदी वाऱ्यावरच्या पिकासारखे झुलतात. मरणाच्या दारी पडलेल्या मुलाला सूपाचा वास येतो आणि या छावणीत अजून थोडे जगावे असे वाटते, हे दृश्य कोल्ताईने टाळले नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. एन्न्यो मोरिकोनेचे संगीत मात्र जेथे मुलगा गप्प आहे तेथे त्याच्या वतीने रडते, आणि हा अपराध मी माफ करू शकत नाही.

या चित्रपटाच्या देखणेपणावर जे आमचे समीक्षक तुटून पडले, त्यांचा सिद्धांत असा की, असल्या विषयात कल्पित दृश्य हेच पाप असून केवळ जिवंत साक्षीदाराची जबानी पवित्र होय. आणि पुरावा म्हणून ते क्लोद लान्झमानचा १९८५ चा नऊ तासांहून मोठा ‘शोआ’ पुढे करतात. तो चित्रपट थोर आहे यात वाद नाही. पण तो उघडतो कसा? तेरा वर्षांचा असता खेल्म्नोच्या मारेकऱ्यांना नदीवर गाणी म्हणून दाखविणारा सिमोन स्रेब्निक प्रौढपणी त्याच नदीत, होडीत बसून, पुन्हा गातो. ही होडी दिग्दर्शकानेच आणविली ना? म्हणजे जबानीलाही मांडणी लागते. आणि जबानी तरी तपशिलात निर्दोष कोठे असते? स्वतः लहानपणी हद्दपारी भोगलेले मनोवैद्य दोरी लाउब यांनी नमूद केले आहे की, आउश्वित्झमधील बंडाच्या वेळी चार धुराडी उडाल्याचे एका स्त्रीने सांगितले. इतिहासकार म्हणाले, उडाले ते एकच, साक्ष बाद. लाउब यांचे म्हणणे असे की, जेथे काहीच उलथू शकत नव्हते तेथे काहीतरी उलथले, याची ती साक्ष होती. मी बेलाशक लाउब यांच्या पक्षात आहे.

बाकीच्यांचा परामर्श थोडक्यात. आग्निएश्का होलांडच्या १९९० च्या ‘युरोपा युरोपा’त ज्यू मुलगा हिटलर-युवकांच्या शाळेत दडून राहतो, आणि अखेरीस स्वतः सोलोमन पेरेल पडद्यावर येऊन गातो. रोबेर्तो फाएन्झाने १९९३ साली योना ओबेर्स्कीच्या बेर्गेन-बेल्सनच्या आठवणी घेतल्या. पुस्तकातील चार-पाच वर्षांच्या पोराची तुटपुंजी वाक्ये चित्रपटात फार गोंडस झाली. पोलंस्कीने ‘द पियानिस्ट’मध्ये (२००२) दुसऱ्याच्या आठवणी चित्रित केल्या, परंतु पळू नकोस, सावकाश चाल, हा सुटका करणाऱ्याचा इशारा त्याच्या स्वतःच्या क्राकूवमधील बालपणातला आहे. वळिवड्याच्या पोलिश छावणीमुळे हा विषय कोल्हापूरचाही आहे असे जे अभिमानाने लिहितात, त्यांनी ते लोक सोव्हिएत हद्दपारीतून आले होते एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आज काय दिसते? २००८ च्या आरंभी फ्रान्समध्ये लांडग्यांच्या संगतीत युरोप पायी तुडविणाऱ्या मुलीच्या ‘सत्य’ आठवणींवरचा चित्रपट लागला, आणि थोड्याच आठवड्यांत सारे बनावट असल्याचे लेखिकेने कबूल केले. तो फसवा होता हे त्याच्या ठाशीवपणावरूनच ओळखावयास हवे होते. खरी बालस्मृती इतकी सलग, इतकी अर्थपूर्ण कधीच नसते. त्या चित्रपटाची नाचक्की झाली, परंतु त्याचे वळण टिकले: हल्लीच्या मालिकांत प्रत्येक मूल शहाणे, प्रत्येक बर्फ शुभ्र, आणि प्रत्येक व्हायोलिन वेळेवर. साक्षीदारांची पिढी सरत आली असली, तरी स्पीलबर्गच्या संस्थेने १९९४ पासून चित्रित केलेल्या पन्नास हजारांहून अधिक जबान्या शाबूत आहेत. ज्यांना यापुढे असे बालपण पडद्यावर आणावयाचे असेल त्यांनी संगीतकाराला बोलाविण्यापूर्वी त्यांतल्या काही बसून ऐकाव्यात, आणि जेथे सांगणारा अडखळतो, थांबतो, किंवा भलत्याच क्षुल्लक गोष्टीवर रेंगाळतो, तेथे कात्री लावू नये. ज्यांना हे नीरस वाटेल त्यांनी विषय दुसरा निवडावा. चित्रपटांना विषयांची वाण कधीच पडली नाही.