कमकुवत पानांचा मोह

पोकरच्या टेबलावर बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री हाती आली, तर नवखा खेळाडूही ती टाकून देतो. पंचाईत होते ती एक्का आणि पंजी आल्यावर. एक्का दिसतो, आशा पल्लवित होते आणि पैसे लावले जातात. पाने जेमतेम आहेत हे कळत असूनही ती टाकवत का नाहीत?

आधी गणित पाहू. टेक्सास होल्डेम या लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि नंतर टेबलावर सर्वांसाठी सामाईक पाच पाने उघडतात. ५२ पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. हातात एखादी जोडी येते ती साधारण १७ डावांत एकदा. एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हाती येते ते टाकण्याजोगेच. पण नुसते बघत बसणे कंटाळवाणे असते आणि हळूहळू साधारण पानेही बरी वाटू लागतात.

एक्का-पंजीचा सापळा इथेच आहे. समोरच्याकडे एक्का-राजा असेल, तर तो दहापैकी सात वेळा जिंकतो. टेबलावर एक्का उघडला की दोघांचीही जोडी जमते, पण बहुधा राजाच पंजीला भारी पडतो. हवे ते पान येऊनही हार होते, आणि भरवसा वाढल्यामुळे ती महागात पडते. एकाच रंगाच्या दोन पानांचेही तसेच. पाचही पाने उघडली तरी त्या दोन पानांच्या जोरावर एकाच रंगाची पाच पाने जमतात ती शंभरात सहा-सात वेळाच.

मग मोह टिकतो कसा? एक कारण स्मरणशक्तीचे. सत्ती-दुर्रीसुद्धा एक्क्यांच्या जोडीला आठ डावांत साधारण एकदा हरवते. तो एक डाव वर्षभर सांगितला जातो, उरलेले सात विसरले जातात. जे चटकन आठवते तेच वारंवार घडते, असे मन धरून चालते. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी ही चूक १९७३ मध्येच मांडली होती.

दुसरे कारण ‘थोडक्यात हुकले’ ही भावना. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये स्लॉट मशीनच्या धर्तीवरील खेळात मेंदूची स्कॅनिंग तपासणी केली. थोडक्यात हुकल्यावर लोकांना वाईट वाटत होते. तरीही जिंकल्यावर उद्दीपित होणारे मेंदूचे काही भाग तेव्हाही सक्रिय झाले. निवड स्वतः केलेली असेल, तर पुन्हा खेळण्याची इच्छाही वाढली. पोकरमध्ये तर प्रत्येक निवड खेळाडूचीच असते.

म्हणूनच अनुभवी खेळाडू कोणती पाने खेळायची हे बसण्यापूर्वीच ठरवतात. मात्र शिस्तीलाही मर्यादा आहेत. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतील मानसिक विकार आहे. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांपासून लपवणे, उसनवारी करणे ही त्याची लक्षणे. ती दिसली तर प्रश्न पानांचा उरत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला घ्यावा.