पालखेडचा नकाशा

सकाळी ९.१०. पुण्यातली भाड्याची खोली, टेबलावर दोन मॉनिटर. ताई इतिहासाच्या पुस्तकांसाठी नकाशे काढतात. सध्या बाजीराव आणि निजाम यांच्यातली पालखेडची मोहीम हातात आहे. छापील नकाशाचे अडीच हजार, मोबाइलवर हलणाऱ्याचे चार. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, फुकट मिळणारं.

९.४०. अंतराळयानानं २००० साली मोजलेले जमिनीचे चढउतार पडद्यावर येतात. पैठणच्या वरच्या अंगाला सगळं सपाट: नाथसागर, धरणाचा जलाशय. १७२८ साली तो कुठला? धरणाआधीच्या टोपोशीटवरून, म्हणजे जुन्या भूनकाशावरून, गोदावरीचं जुनं पात्र गिरवायचं. क्लिक, वळण, पुन्हा क्लिक. मनगटाला पट्टा बांधलाय. निजामाची कोंडी पाण्यावाचून झाली; अशा लढाईत नदी चुकली की सगळंच चुकलं.

११.३०. आता तारखा. पुस्तकात बाजीराव एका प्रकरणात, निजाम दुसऱ्यात. वाचणारा पानात बोट घालून मागंपुढं करतो. मोबाइलवरच्या नकाशात तारखेची पट्टी सरकवली की दोघं एकदमच चालू लागतात. जालना, बुऱ्हाणपूरची हूल, मग गुजरात. निजाम पुण्यात. बाजीरावाचा रोख औरंगाबादकडे वळतो, तसा निजामही निघतो, अवजड तोफा मागं टाकून. फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेड. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह.

ज्या मुक्कामाची तारीख सापडत नाही, तिथं ताई तुटक रेघ काढतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. सरकता बाण दिसला की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो.

१.१५. डबा. पोळी, दोडका.

३.००. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर येतात. नमुना पानावरचा क्यूआर कोड फोन लांब धरून स्कॅन करतात.

"अगं, निजाम पुण्यात बसलाय आणि बाजीराव गुजरातेत काय करतोय?"

ताई बोलत नाहीत. मास्तर पट्टी मागं ओढतात, पुन्हा पुढं नेतात.

"असं होय! तोफांवाचून बाहेर काढला त्याला."

५.२०. प्रकाशकांचा फोन. चाररंगी छपाई परवडत नाही. एका रंगात भगवा आणि हिरवा दोन्ही करडेच. मग बाजीरावाची रेघ जाड, निजामाची दुहेरी.

"मॅडम, कोड पाच वर्षांनी चालेल ना?"

सर्व्हरचं भाडं वर्षाला अडीच हजार. ते कुणी भरायचं, यावर वीस मिनिटं. पहिली तीन वर्षं प्रकाशक भरणार, असं ठरतं.

६.००. ताई छापील नकाशातल्या मुक्कामांशेजारी बारीक अक्षरांत तारखा घालायला घेतात. कोड बंद पडला तरी पान वाचता आलं पाहिजे, म्हणतात. या कामाचे वेगळे पैसे नाहीत.