साउंडवाला ‘प्रोफेशनल’ कधी होतो?

लोकलच्या गर्दीत इअरफोन सांभाळता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा भाग लेखी स्वरूपात.

मागे ठाण्यात आम्ही एका काकांची मुलाखत घेतली. आयुष्यभर नाटकांचं बॅकस्टेज सांभाळलेला माणूस, खास कल्याणहून आलेले. पन्नास मिनिटं मस्त गप्पा रंगल्या. रात्री डोंबिवलीला घरी येऊन फाइल उघडली, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा! समोर आठ हजारांचा माइक होता, पण सॉफ्टवेअरमध्ये इनपुट लॅपटॉपच्या माइकवरच राहिलेलं. चूक माझीच, तीही बी.टेक. असून. काका बिचारे परत आले, पण तेच किस्से दुसऱ्यांदा तसे रंगले नाहीत.

मग प्रोफेशनल म्हणायचं कोणाला? डॉक्टर किंवा सीएसारखं साउंड रेकॉर्डिस्टला सरकारी लायसन्स लागत नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंडचा रीतसर कोर्स आहे. ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच, १९९५ चे. शिक्षणाने पाया पक्का होतो, हे खरंच. महाग माइकने काही सिद्ध होत नाही, हे मात्र मी पुराव्यासकट सांगू शकतो.

२००१ चा ‘लगान’ घ्या. तेव्हा बहुतेक हिंदी सिनेमांचे संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. ‘लगान’चे संवाद नकुल कामटे यांनी शूटिंगच्या जागीच रेकॉर्ड केले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आता विचार करा, भर उन्हात एवढी गर्दी उभी, शॉट झकास झालाय, आणि आवाज बिघडलाय. “परत घ्यावं लागेल” हे तिथल्या तिथे सांगायचं कोणी? साउंडवाल्यानेच. माझ्या मते प्रोफेशनल तो इथे ठरतो.

पण हे सांगायला आधी ते ऐकू यायला हवं. म्हणून हेडफोन शेवटपर्यंत कानावर. सुरुवातीला माइकवर नखाने हलकंसं खरवडायचं. मोठ्ठा आवाज आला तर माइक बरोबर निवडलाय. (हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!) लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास, जोडीला दुसरा रेकॉर्डर. एडिटिंगसाठी रिकाम्या खोलीची तीस सेकंद शांतता. पंखा बंद, फ्रिज बंद; आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय निघताच येत नाही.

काकांचा भाग शेवटी दोन्ही रेकॉर्डिंग जोडून टाकलाय. विहीर कुठे सुरू होते, ते ऐकताना कळेलच.