कलाकाराची माहिती खरी की ऐकीव? जन्मतारखेपासून निधनाच्या बातमीपर्यंत अशी करा खात्री

२३ नोव्हेंबर २०२२. बुधवारची रात्र. ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांचं निधन झाल्याची बातमी व्हॉट्सॲपवर फिरू लागली. काही वेळातच ती संकेतस्थळांवर आली, वाहिन्यांच्या पट्ट्यांवर आली. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या काही मोठ्या कलाकारांनीही श्रद्धांजली वाहिली.

प्रत्यक्षात गोखले त्या वेळी पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात मृत्यूशी झुंज देत होते. प्रकृती गंभीर आहे, पण ते हयात आहेत, असं त्यांच्या पत्नी आणि मुलीला सांगावं लागलं. त्यांचं निधन झालं शनिवारी, २६ नोव्हेंबरला.

घरातलं माणूस अतिदक्षता विभागात असताना घरच्यांच्या फोनवर सांत्वनाचे निरोप येत होते. चुकीच्या माहितीची किंमत कोण मोजतं, हे यावरून कळतं. पोस्ट टाकणाऱ्याचं काहीच जात नाही.

गोंधळ इथेच थांबला नाही. निधनानंतरच्या बातम्यांत त्यांचं वय कुठे ७७ होतं, तर कुठे ८२. मग खरं काय मानायचं? आणि आपल्यासारख्या सामान्य वाचकाला ते तपासता येतं का? बऱ्याच अंशी येतं.

७७ की ८२?

पहिली पायरी साध्या वजाबाकीची. जन्मतारीख १४ नोव्हेंबर १९४५ धरली, तर २६ नोव्हेंबर २०२२ ला वय ७७ होतं. १४ नोव्हेंबर १९४० धरली, तर ८२. म्हणजे दिवस आणि महिना तोच, फरक फक्त वर्षाचा. पन्नास ठिकाणी वेगवेगळं छापून आलं, तरी मुळात आकडे दोनच. बाकी सगळ्यांनी त्यातला एक उचलला.

दुसरी पायरी नात्यांची. विक्रम गोखले यांचे वडील, अभिनेते चंद्रकांत गोखले यांचा जन्म १९२१ चा. मुलाचा जन्म १९४० चा धरला, तर तेव्हा वडील १९ वर्षांचे होतात. १९४५ चा धरला, तर २४. त्या काळात दोन्ही शक्य होतं, पण पारडं १९४५ कडे झुकतं. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. मात्र आईवडिलांची जन्मवर्षं, शाळा-कॉलेजची वर्षं, पहिल्या नाटकाचं वर्ष अशा गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या, की चुकीची तारीख बहुतेक वेळा आपोआप उघडी पडते.

आजी की पणजी?

गोखले घराण्याबद्दल आणखी एक वाक्य नेहमी वाचायला मिळतं: 'भारतीय चित्रपटातली पहिली अभिनेत्री ही विक्रम गोखलेंची आजी.' काही जण आजीच्या जागी पणजी लिहितात. दोन्हीमागे तथ्य आहे, पण माणसं वेगळी आहेत.

दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. त्यानंतर फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम १३ वर्षांच्या. पुढे त्या कमलाबाई गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव. म्हणून कमलाबाई विक्रम गोखलेंची आजी आणि दुर्गाबाई पणजी. 'पहिली अभिनेत्री' हा मान दुर्गाबाईंना दिला जातो, तर पहिली बालकलाकार मुलगी म्हणून कमलाबाईंचं नाव घेतलं जातं.

'पहिला', 'पहिली', 'एकमेव' असे शब्द दिसले, की लगेच विचारायचं: कशात पहिली? कोणत्या वर्षी? कोणत्या भाषेत?

पुरस्काराचं वर्ष कोणतं?

'अनुमती' या मराठी चित्रपटासाठी गोखलेंना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'पानसिंग तोमर'साठी इरफान खान यांना आणि त्यांना तो विभागून देण्यात आला. पण वर्ष कुठे २०१२ दिसतं, कुठे २०१३. इथे दोन्ही बरोबर आहेत. ते ६० वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार २०१२ सालच्या चित्रपटांसाठी होते आणि दिले गेले २०१३ मध्ये. विसंगती दिसली की लगेच चूक समजू नका. आधी ती दोन वर्षं कशाकशाची आहेत ते पाहा.

एक जूनचं कोडं

आता गावाकडे येऊ. कन्नड तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडलं, तर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हा पुन्हा दिसेल. उभ्या महाराष्ट्रात हीच गत. मुलाला शाळेत घालायला आलेल्या आईबापांना तारीख आठवत नसे. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला' किंवा 'दुष्काळाच्या साली झाली' एवढंच सांगता येई. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. प्रवेशाचं वय पूर्ण दिसावं म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत.

त्यामुळे ग्रामीण भागातून आलेल्या जुन्या पिढीच्या कलाकाराची जन्मतारीख १ जून असेल, तर ती शाळेच्या दाखल्यावरची तारीख आहे, एवढंच समजावं. अर्थात, १ जूनला खरोखर जन्मलेलेही असतातच. अभिनेत्री नर्गिस यांचा वाढदिवस १ जूनचाच.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. आज कन्नड शहरातली नोंद नगर परिषदेत सापडते, खेड्यातली ग्रामपंचायतीत. त्याआधीच्या नोंदींसाठी गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचं 'कोतवाल बुक' पाहावं लागतं. मराठवाड्यात जुने कागद मोडीत किंवा उर्दूत असतात, कारण हा भाग निजामाच्या राज्यात होता.

याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची मुलकी नोंदणी आहे आणि तिची सूची कुणालाही पाहता येते. तिथल्या एखाद्या टीव्ही नटाचं जन्मवर्ष पडताळणं म्हणूनच तुलनेनं सोपं. आपल्याकडे कलाकाराचं आत्मचरित्र, जुन्या मुलाखती आणि पुरस्कारांच्या अधिकृत पुस्तिका यांवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

जन्मगाव तेच, नकाशा वेगळा

१९४५ साली कन्नडमध्ये जन्मलेला माणूस 'महाराष्ट्रात जन्मला' असं लिहिलं, तर ते काटेकोर नाही. तेव्हा कन्नड हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. जालना जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी जालन्यात जन्मलेल्यांचा जिल्हा औरंगाबादच. आणि २०२३ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणजे एकाच माणसाच्या तीन चरित्रांत तीन वेगळे पत्ते दिसले, तरी तिन्ही खरे असू शकतात.

कन्नडची आणखी एक अडचण आहे. 'कन्नड अभिनेता' असं शोधलं, की आपल्या तालुक्याचा कलाकार राहतो बाजूला आणि समोर येतात कर्नाटकातले नट. गावाचं आणि भाषेचं नाव एकच! शोधताना तालुका किंवा जिल्हा जोडून लिहिलं तर हा घोळ टळतो. मातृभाषा, जन्मगाव आणि कामाची भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. रजनीकांत मराठी घरातले, जन्म बंगळुरूचा, नाव गाजलं तमिळ चित्रपटांत.

सगळीकडे तेच आहे, म्हणजे खरं?

नाही. २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस जार यांचं निधन झालं. काही तासांतच डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावरच्या त्यांच्या पानात स्वतः रचलेलं वाक्य त्यांच्या नावावर घातलं. अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी ते मृत्युलेखात छापलं. त्या विद्यार्थ्याने स्वतः कळवलं, तेव्हा कुठे दुरुस्त्या झाल्या.

अशी चूक एकदा छापली गेली, की विकिपीडिया त्या वर्तमानपत्राचा दाखला देतं आणि वर्तमानपत्र विकिपीडियाचा. दहा ठिकाणी तेच असलं, तरी साक्षीदार एकच. तोही कधी कधी खोटा.

पुढे पाठवण्याआधी एवढं करा

• निधनाची बातमी असेल, तर नाव घेऊन कोण सांगतंय ते पाहा. घरचे किंवा रुग्णालय बोललेले नसतील, तर थांबा. 'सूत्रांकडून समजतं' एवढ्यावर विसंबू नका.
• वय आणि जन्मतारीख यांची वजाबाकी करून पाहा.
• दोन ठिकाणी तेच सापडलं, तर एकाने दुसऱ्याचं उचललेलं नाही ना, हे बघा.
• कलाकाराने स्वतः लिहिलेलं किंवा मुलाखतीत सांगितलेलं आधी पाहा, इतरांनी लिहिलेलं नंतर. पण आत्मचरित्रातल्या तारखाही आठवणीतून आलेल्या असतात, हे लक्षात ठेवा.
• दोन तारखांचा निकाल लागत नसेल, तर दोन्ही लिहा आणि कोणती कुठे मिळाली तेही लिहा.
• यासाठी कुणाचा दाखला, आधार कार्ड किंवा घरचा फोन नंबर मिळवायच्या मागे लागू नका. कलाकार सार्वजनिक असला, तरी त्याचं घर खासगी असतं.

श्रद्धांजली दोन तास उशिरा वाहिली, म्हणून कुणाचा मान कमी होत नाही. ती तीन दिवस आधी वाहिली, तर मात्र रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या घरच्यांना तिचं उत्तर देत बसावं लागतं.