झाड शेतात, पण मालकी कुणाची?

आपल्या भाकरीची ज्वारी आणि बाजरी, दोन्हींचे माहेर आफ्रिका. ज्वारी सुदानच्या पूर्व भागातली, बाजरी सहाराच्या दक्षिण काठावरच्या मालीच्या परिसरातली. सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेला हा काठ म्हणजे साहेल. महाराष्ट्र १९७२चा दुष्काळ सोसत होता त्याच वर्षांत साहेलमध्येही पाऊस रुसला होता. गुरे मेली, गावे ओस पडली. बुर्किना फासोच्या उत्तरेकडील यातेंगा प्रांतात तर जमिनीवर सिमेंटसारखी पपडी धरली. पाऊस पडायचा आणि मुरण्याआधीच वाहून जायचा.

अशा जमिनीवर शेती करायला याकूबा सावाडोगो १९८०च्या सुमारास गूर्गा गावी परतले. त्याआधी वाहिगूया शहराच्या बाजारात त्यांचे मोटरसायकलच्या सुट्या भागांचे दुकान होते. लिहिता-वाचता येत नव्हते, पण भागातली जुनी ‘झाई’ पद्धत माहीत होती. कडक जमिनीत लहान आळी खणायची आणि त्यात बी टोकायचे, एवढीच ती पद्धत. सावाडोगोंनी आळी अधिक रुंद आणि खोल केली, त्यात शेणखत घातले आणि पावसाची वाट न पाहता भर उन्हाळ्यातच खणायला सुरुवात केली. पाऊस पडल्याशिवाय जमिनीला हात न लावण्याचा तिथला रिवाज. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांनी वाढवलेली झाडे कुणीतरी पेटवूनही दिली.

आळ्यात नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. वीत-सव्वा वीत रुंदीच्या खड्ड्यातल्या शेणखतावर वाळवी येते. एरवी शेतकऱ्याचा जीव खाणारी ही वाळवी इथे बारीक बोगदे पोखरते, पपडी फुटते आणि पहिल्याच सरीचे पाणी खाली उतरते. ज्वारीला ओल आणि खत, दोन्ही मुळापाशीच मिळतात. शेणात जनावरांनी खाल्लेल्या शेंगांच्या बिया असतात. त्याही रुजतात. सावाडोगोंनी ती रोपे उपटली नाहीत, आणि उजाड माळावर साठाहून अधिक जातींच्या झाडांचे जंगल उभे राहिले.

याच प्रांतात उताराला आडवे दगडी बांधही घातले गेले. समपातळी शोधायला पारदर्शक नळीत पाणी भरले, की काम झाले. आपले गवंडी पाया आखताना हेच करतात.

मात्र झाईचे कौतुक करताना तिची किंमतही सांगायला हवी. एक हेक्टर खणायला एका माणसाला कित्येक आठवडे लागतात, तेही रणरणत्या उन्हात. ज्याच्या घरी कामाचे हात नाहीत, गोठ्यात जनावर नाही, त्याला ही शेती पेलत नाही.

शेजारच्या नायजरमध्ये वाट वेगळी निघाली. मारादी भागात काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो रोपे लावत होते आणि बहुतेक रोपे मरत होती. १९८३मध्ये त्यांच्या लक्षात आले, की शेतातली खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट आहेत. दरवर्षी पेरणीआधी शेतकरी ती छाटून टाकत. रिनॉडोंनी सुचवले, की मोजके जोमदार धुमारे राखावेत आणि बाकीचे विरळावेत. रोपवाटिका नको, पाणी नको. बाभळीच्या कुळातले ‘गाओ’ हे झाड तर शेतकऱ्याच्या सोयीचेच. पावसाळ्यात त्याची पाने गळतात, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही. उन्हाळ्यात शेंगा गुरांना खायला मिळतात. झाडांमुळे वारा अडला. पूर्वी उडत्या वाळूत कोंब गाडले जात, म्हणून तीन-चारदा पेरावे लागे. आता बहुधा एकदाच पेरून भागते.

दक्षिण नायजरमध्ये अशा रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे परतल्याचा अंदाज उपग्रहचित्रांवरून बांधला गेला. पण केवळ युक्तीने हे घडले नसते. फ्रेंच राजवटीपासूनच्या वनकायद्यानुसार झाड शेतात असले तरी मालकी सरकारची होती आणि फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करत. मग झाड राखेल कोण? हा जाच सैल झाला तसे शेतकरी खुंट जपू लागले. साहेल पुन्हा हिरवा करण्यासाठी आफ्रिकन संघाने २००७मध्ये घोषित केलेल्या ‘महान हरित भिंती’चा विचार करतानाही मालकीचा हा मुद्दा ध्यानात घ्यायला हवा.

सावाडोगो आणि रिनॉडो यांना २०१८मध्ये एकाच वेळी राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण त्याआधीच वाहिगूया शहर वाढत जाऊन सावाडोगोंच्या जंगलात घरांचे प्लॉट आखले गेले होते. जगाने गौरवलेल्या शेतकऱ्यालाही स्वतःची झाडे वाचवायला झगडावे लागले. डिसेंबर २०२३मध्ये ते गेले. यातेंगाचा परिसर आता सशस्त्र गटांच्या हिंसाचाराने होरपळतो आहे आणि देशभरात २० लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले आहेत. आळी खणायला आधी गावात राहता तर आले पाहिजे.

नायजरने २०२०मध्ये हुकूम काढून शेतकऱ्याने राखलेल्या झाडावरचा त्याचा हक्क मान्य केला. रिनॉडोंना ते खुंट दिसल्याला तेव्हा ३७ वर्षे झाली होती.