अठरा मीटरची थाप

पहिल्याच भागात आमुरो रे नावाचा १५ वर्षांचा पोरगा एका प्रचंड लष्करी यंत्रमानवाच्या पोटात शिरतो, माहितीपुस्तिका चाळत चाळत तो उभा करतो आणि शत्रूच्या यंत्राला प्रकाशाच्या तलवारीने कापून काढतो. एरवी अशा ठिकाणी विजयाचं संगीत वाजतं. इथे कापलेल्या यंत्रातल्या अणुभट्टीचा स्फोट होतो. ज्या अवकाश-वसाहतीत हे सगळं चाललंय तिच्या कवचाला भगदाड पडतं आणि हवा बाहेर धावते. तिच्याबरोबर पोकळीत खेचला जातो आमुरोचा बाप, ह्याच यंत्राच्या निर्मितीत गुंतलेला अभियंता. समोर शत्रूचं दुसरं यंत्र उभंच आहे. आता पोराला विचार करावा लागतो. पुन्हा भट्टी फुटली तर पुन्हा भोक. म्हणून तो नेम धरून फक्त चालकाची खोली भोसकतो, म्हणजे जिथे माणूस बसलाय नेमकी तीच जागा.

हे लहान मुलांसाठी होतं. ७ एप्रिल १९७९ ला, शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, नागोयाच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून ‘मोबाइल सूट गंडम’ सुरू झाली. पैसे घातले होते क्लोव्हर नावाच्या खेळणी कंपनीने. तिची अपेक्षा साधी होती: पडद्यावर रोबो दिसावा, दुकानात रोबो खपावा.

जपानी पडद्यावर महाकाय रोबो तेव्हा नवे नव्हतेच. त्याआधी मित्सुतेरु योकोयामांनी १९५६ मध्ये चित्रकथेत ‘तेत्सुजिन २८’ काढला होता. तो बाहेरून रिमोटने चालायचा. (आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ बघितलेल्यांनी नकळत ह्याच योकोयामांची दुसरी निर्मिती बघितली आहे.) १९७२ च्या ‘माझिंगर झेड’ने नायकाला रोबोच्या डोक्यातच नेऊन बसवलं. मग साचा ठरला. दर आठवड्याला एक राक्षस यायचा, शेवटच्या दोन मिनिटांत नायक आपल्या हत्याराचं नाव ओरडायचा आणि खेळ खलास. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो ह्याच साच्यात काम करून तयार झालेले. गंडममध्ये त्यांनी रोबोला दैवत मानायचं नाकारलं. इथला रोबो म्हणजे रणगाड्यासारखं एक शस्त्र. त्याचा दारूगोळा संपतो, त्याला दुरुस्ती लागते, आणि शत्रूकडे तर अशी यंत्रं कारखान्यातून रांगेने बाहेर पडतात. शत्रूचा हिरवा, एकडोळ्या झाकू हा तसाच रांगेतला शिपाई.

पण प्रश्न उरतोच. अवकाशातल्या युद्धात १८ मीटर उंचीचा माणूस कशाला हवा? क्षेपणास्त्रं आहेत, रडार आहे. हजारो किलोमीटरवरून बटण दाबलं की काम झालं. खरं उत्तर ‘खेळणी खपवायची आहेत म्हणून’ असं होतं, पण ते कथेत लिहिता येत नाही. तेव्हा मिनोव्हस्की कण जन्माला आले. हे काल्पनिक कण हवेत किंवा पोकळीत पसरले की रडार आंधळं होतं, बिनतारी संदेश तुटतात, मार्गदर्शित क्षेपणास्त्र भरकटतं. म्हणजे लढाई पुन्हा नजरेच्या टप्प्यात येते. मोठी जहाजं दुरून मारा करू शकत नाहीत आणि जवळ आलं तर लवकर वळत नाहीत. अशा वेळी डोळे असलेलं, हाताने शस्त्र बदलणारं, चपळ यंत्र खरोखरच कामाचं ठरतं.

मला ह्या मालिकेचं सगळ्यात जास्त अप्रूप इथे वाटतं. एक थाप मारायची, ती एकदाच, आणि मग तिच्याशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहायचं. लढाईआधी कण पसरायचा हुकूम सुटतो आणि त्या क्षणापासून आपली आपल्याशीही बोलणी तुटतात. फायदा घेतला तर तोटाही सोसायचा, हा नियम लेखकांनी स्वतःला लावून घेतला.

चाहत्यांना ही खोड लागली. पोकळीत पाय कशाला, असा प्रश्न आला तेव्हा मालिकेनंतरच्या लिखाणात त्याचं उत्तर निघालं, आणि ते चक्क बरोबर आहे. पोकळीत वळायचं तर इंजिन पेटवावं लागतं, म्हणजे इंधन जातं. पण हात एका बाजूला झटकला तर उरलेलं धड आपोआप विरुद्ध बाजूला वळतं, कारण कोनीय संवेग कायम राहतो. उंचावरून पडणारं मांजर चार पायांवर उतरतं ते ह्याच नियमाने. उपग्रहही पोटातली चाकं फिरवून तोंड वळवतात. एकूण काय, रोबोचे हातपाय हे त्याचं सुकाणू झालं.

वसाहतींची कल्पना तर थेट प्रयोगशाळेच्या दारातून आली. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील ह्यांनी १९७४ मध्ये अवकाशात माणसं वसवण्याचा आराखडा मांडला. त्यातलं सर्वांत मोठं घर म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर लांब आणि साडेसहा किलोमीटर व्यासाचं नळकांडं. ते स्वतःभोवती फिरतं आणि आतल्या माणसांना भिंतीकडे दाबलं जाण्यातून वजन मिळतं. पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर ह्या अवाढव्य नळकांड्याने दोन मिनिटांच्या आत एक फेरी मारायला हवी, हा हिशोब कुणीही कागदावर करून बघावा. आतून वर पाहिलं तर आभाळाच्या जागी दुसऱ्यांची घरं उलटी लटकलेली. जमिनीचे तीन पट्टे, त्यांच्या मध्ये खिडक्यांचे तीन पट्टे, बाहेर ऊन आत टाकणारे आरसे. हा आराखडा पाच वर्षांत शनिवार संध्याकाळच्या कार्टूनमध्ये पोचला. वसाहती ठेवल्यात त्याही लाग्रांज बिंदूंवर, जिथे दोन मोठ्या गोलांची ओढ आणि फिरण्याची गती ह्यांचा मेळ बसतो. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून सूर्य-पृथ्वीच्या अशाच एका बिंदूभोवती फिरतंय, तर गंडमच्या वसाहती पृथ्वी-चंद्राच्या बिंदूंवर आहेत.

आणि मग झिऑन नावाचं राष्ट्र अशी एक अख्खी वसाहत पृथ्वीवर फेकतं. मालिका सुरू होते तेव्हा युद्धाला आठ महिने झालेत आणि निम्मी मानवजात संपली आहे, हे निवेदक आरंभीच सांगून टाकतो.

थापेचा खरा कस मात्र रोबोच्या वजनात लागतो आणि तिथे ती उघडी पडते. गंडम माणसाच्या दहापट उंच. उंची दहापट झाली की हाडाचा छेद शंभरपट होतो, पण आकारमान हजारपट. म्हणजे ७५ किलोच्या माणसाचा तेवढा पुतळा मांसाचाच केला तरी ७५ टनांचा होईल आणि त्याच्या घोट्यांवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दसपट भार येईल. गंडमचं जाहीर वजन किती? रिकामा ४३.४ टन, सगळ्या सामानासकट ६० टन. पोलाद, भट्टी, तोफा सगळं धरून हा गडी मांसापेक्षा हलका! समुद्रात ढकलला तर तरंगेल. त्यात चालताना आपली कंबर दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होते, त्याची दहापट म्हणजे जवळपास अर्धा मीटर. बिचाऱ्या आमुरोला ओकारीच यायला हवी.

योकोहामात डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ ह्या काळात खऱ्या मापाचा, हातपाय हलवणारा गंडम उभा होता. उंची १८ मीटर, वजन सुमारे २५ टन. तो गुडघे वाकवायचा, बोटं हलवायचा, पण कंबरेला मागून भक्कम आधार होता. स्वतःच्या पायांवर त्याला सोडण्याचं धाडस कुणी केलं नाही.

हे सगळं गणित जिथे चुकतं तिथे मालिकेला माणसं सावरतात. सोळाव्या भागात आमुरोच्या ‘व्हाइट बेस’ ह्या जहाजावरचा स्वयंपाकी येऊन सांगतो की मीठ संपत आलंय. बस्स. शत्रू मागे लागलेला, बाहेर वाळवंट, आणि कप्तानापुढची गंभीर अडचण म्हणजे मीठ. हा कप्तान ब्राइट नोआ १९ वर्षांचा आहे. वरचे अधिकारी मेले म्हणून खुर्ची त्याच्याकडे आली. आमुरो एकदा लढायला नकार देतो तेव्हा ब्राइट त्याला थोबाडीत मारतो, आणि त्या क्षणी दोघेही मुलगेच दिसतात. पुढे आमुरो रुसून गंडम घेऊन पळतो आणि वाळवंटातल्या खानावळीत जेवायला बसतो. तिथे झिऑनचा सेनानी राम्बा राल आपल्या माणसांसह येतो. त्याच्या सोबतची हामोन पोराला जेवण द्यायला निघते. पोरगा म्हणतो, मी भिकारी नाही. रालला ते बाणेदार उत्तर आवडतं. ह्या दोघांना पुढे एकमेकांना मारायला लढायचंय, आणि आपण दोघांच्याही बाजूने असतो.

बापाचं काय झालं? तो वाचतो, पण ऑक्सिजनअभावी त्याचा मेंदू अधू झालेला असतो. भेटीला आलेल्या मुलाला तो अभिमानाने एक सुटा भाग देतो: हा गंडमला लाव, ताकद वाढेल. भाग जुनाट, निरुपयोगी. आमुरो तो घेतो आणि बाहेर पडल्यावर फेकून देतो.

आता उणी बाजू, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चित्रण स्वस्तातलं आहे. तीच उडी, तोच नेम, तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा वापरलेली. पात्रांचे चेहरे रेखाटणारे योशिकाझू यासुहिको ऐन उत्तरार्धात आजारी पडून रुग्णालयात गेले आणि त्यानंतर चेहरे अक्षरशः ढासळत जातात. खेळणीवाल्यांचा हात जागोजागी दिसतो. युद्धातलं यंत्र पांढरंफटक, वर निळा, लाल, पिवळा. अशा रंगाने कोण लपणार? मध्येच साखळीला बांधलेला काटेरी गोळा येतो, पुढे जी-आर्मर नावाचं जोडयंत्र येतं, आणि ही दुकानाच्या फळीवरून कथेत उतरली आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. झिऑनचा प्रत्येक सरदार नवा नमुना घेऊन येतो आणि तो आठवडाभरात मोडून जातो. जुना साचा मोडायला निघालेल्या मालिकेला तोच साचा दर शनिवारी पाय ओढून खाली आणतो.

सर्वांत मोठी उणीव मला ‘न्यूटाइप’च्या प्रकरणात वाटते. अवकाशात राहून माणसाची जाणीव विस्तारते, दोन मनं शब्दांवाचून भिडतात, ही कल्पना फार सुंदर आहे. ती खुलते मात्र शेवटच्या भागांत, धावतपळत. ५२ भागांची मालिका प्रेक्षक नाहीत म्हणून ४३ वर आटोपली, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे लाला सून. सावळी, कपाळावर टिकलीसारखी खूण असलेली ही मुलगी म्हणजे पूर्वेचं गूढ, असा जुनाच कित्ता इथे गिरवलाय. ती सात-आठ भागांसाठी येते, आमुरोचं मन वाचते, आणि शत्रुपक्षाच्या शार नावाच्या सेनानीला वाचवायला मध्ये पडून आमुरोच्याच हातून मरते. मग दोन पुरुष आयुष्यभर तिच्यासाठी झुरायला मोकळे. तिला स्वतःला काय हवं होतं, हे विचारायला कथेला वेळ मिळत नाही.

जाता जाता: शेवटची लढाई ज्या अवकाशदुर्गावर होते त्याचं नाव अ बाओआ कू. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस ह्यांच्या काल्पनिक प्राण्यांच्या कोशात ह्याच नावाचा एक जीव आहे, आणि तो राहतो कुठे, तर चितोडच्या विजयस्तंभाच्या पायऱ्यांवर. जपानी कार्टूनमधलं हे नाव अर्जेंटिनामार्गे मेवाडात पोचतं, ह्याची मला अजून गंमत वाटते.

मालिका २६ जानेवारी १९८० ला गुंडाळली गेली. त्यानंतर मात्र पुनःप्रक्षेपणांनी प्रेक्षक जमवले. जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने १/१४४ मापाचे, जोडून बनवायचे प्लास्टिकचे गंडम ३०० येनला बाजारात आणले. पोरांना भडक खेळणं नको होतं. त्यांना खऱ्या युद्धयंत्राची प्रतिकृती हवी होती, झाकूसुद्धा. तोमिनोंनी यंत्राला यंत्रासारखं वागवलं, त्याची किंमत अशी बाजारात वसूल झाली, फक्त ती भलत्याच कंपनीला मिळाली. क्लोव्हर १९८३ मध्ये बुडाली. मालिका कापून-जोडून केलेल्या तीन चित्रपटांपैकी पहिला येण्याच्या तोंडावर, २२ फेब्रुवारी १९८१ ला, शिंजुकू स्थानकाबाहेर हजारो तरुणांची झुंबड उडाली.

वेळ कमी असेल तर ते तीन चित्रपट बघावेत. जी-आर्मर त्यांत नाही आणि तिसऱ्यात यासुहिकोंनी बरे होऊन पुष्कळ काही नव्याने काढलंय. पण पंधरावा भाग त्यांत सापडणार नाही. तो बघायला मालिकेकडेच जावं लागतं. अनाथ पोरांना घेऊन एका बेटावर लपलेला झिऑनचा पळपुटा सैनिक कुकुरुझ दोआन, त्याच्या झाकूकडे बंदूकही नाही, तो दगड फेकून लढतो. गोष्ट उत्तम आणि चित्रं इतकी वाईट की तोमिनोंनी हा भाग अमेरिकेत दाखवू दिला नाही. त्यातल्या झाकूचं थोबाड तर लांबुळकं, नाकाड झालंय. २०२२ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या यासुहिकोंनी ह्याच भागाचा पूर्ण चित्रपट केला, डोळे निवतील असा देखणा. दोआनच्या झाकूचं लांब नाक मात्र त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं.